दुपारचा टोप

धाकटी दुकानाच्या पुढच्या भागात बसली होती आणि थोरली मागे, कामाच्या टेबलाशी. मध्ये एक पडदा, तोही अर्धा सरकवलेला. हाक मारली असती तरी पुरलं असतं. नुसती खाकरली असती तरी थोरलीने मान वर केली असती. पण हाक आली नाही. टेबलावरचा फोन थरथरला आणि त्यावर धाकटीचा निरोप उमटला, ‘ताई, बघून घे आणि सांग.’ खाली एक निळी ओळ. थोरलीच्या हातात केस ओवायचा आकडा होता, समोर लाकडी डोक्यावर ताणलेली टोपाची जाळी, आणि जाळीच्या एका भोकात अर्धवट ओवलेला केस. तो तिने गाठ न मारता तसाच सोडला. असं ती कधी करत नसे. चार पावलांवर बसलेलं माणूस तोंडाने बोलायचं सोडून फोनवर लिहितं, तेव्हा त्याला आपला चेहरा दिसू द्यायचा नसतो. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने पडद्याच्या फटीतून पाहिलं. धाकटी पाठमोरी होती, मान खाली, खांदे जरा वर चढलेले. लहानपणी काही फोडून ठेवलं की ती अशीच बसायची.

निळ्या ओळीवर बोट ठेवलं तसं एक पांढरं, शांत पान उघडलं. वर एकच वाक्य होतं : ‘उपचारांत केस जात असतील, तर आमच्याकडे या.’ त्याखाली खिडकीजवळच्या खुर्चीचा फोटो, आणि ‘वेळ ठरवा’ असं लिहिलेला एक चौकोन. बस्स. थोरलीने पान वर सरकवलं, खाली सरकवलं, जणू फडताळात हात घालून चाचपत होती. दाढ्या कुठे गेल्या? बाबांनी आयुष्यभर ज्या राजांच्या दाढ्या केल्या, चेटकिणींच्या जटा, न्यायाधीशांचे पांढरे टोप, मिशांचे ते दीडशे प्रकार, मुकुट, भाड्याच्या तलवारी? खुर्चीचा फोटो तिने मोठा करून पाहिला. त्या खुर्चीमागे मुकुटांचं कपाट असतं. फोटोत भिंत होती. कपाट आहे त्या जागी आहे, आत्ता या क्षणी पडद्याच्या फटीतून तिच्या डोळ्यांसमोर आहे, आणि फोटोत नाही. म्हणजे ती दुकानात नसताना कुणीतरी कपाट हलवलं, फोटो काढला, आणि पुन्हा जागच्या जागी आणून ठेवलं. तिला न सांगता. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

चष्मेवाली पहिल्यांदा आली होती तेव्हाच थोरलीला ती खटकली होती. वेबसाइटी बनवणारी ही बाई, नाकावर जाड काळा चष्मा, आवाज असा की डॉक्टरीणबाईंनी सुई टोचण्याआधी काढावा. धाकटीने तिला शोधून आणलं होतं. जुनी वेबसाइट धाकटीच्या नवऱ्याने हौसेने केली होती, आणि ती उघडली की आधी एक तलवार लुकलुकायची. चष्मेवालीने ती पाहिली, हसली नाही, फक्त विचारलं, “तुम्ही काय काय करता?” थोरलीने सांगायला सुरुवात केली. टोप, दाढ्या, मिशा, भुवया, गंगावनं, बाहुल्यांचे केस, मुकुट, मुखवटे, तलवारी. सांगता सांगता तिचा आवाज भरून आला होता, कारण ते सगळं या दोन खोल्यांत होतं आणि ते सगळं तिला येत होतं. चष्मेवालीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “समजा एक बाई सकाळी उठली आणि उशीवर केसांचा पुंजका दिसला. ती फोन हातात घेऊन दुकान शोधतेय. तुम्ही आत्ता सांगितलंत ते ती कुठवर वाचेल?” धाकटी पटकन म्हणाली, “तलवारीपर्यंत,” आणि दोघी हसल्या. थोरली हसली नाही. तिला आठवलं की एकदा खरंच एका बाईचा फोन आला होता. “तुमच्याकडे आजारी माणसांसाठी...” म्हणाली, मग म्हणाली, “नाही, काही नाही, मला वाटलं...” आणि फोन बंद झाला. थोरलीने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही. चष्मेवाली पुढे बोलत होती, सगळ्यांसाठी असलेलं पान कुणाचंच नसतं, एका माणसाकडे बघून बोला, वगैरे. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं ती म्हणाली नाही. पण थोरलीला ऐकू आलं ते तेच. आणि चिंध्या कोण? बाबा. आणि बाबांमागून ती.

एकच ठेवायचं तर बाकीचं टाकायचं, आणि टाकायला सुरुवात झाली की माणूस कुठे थांबतो? थोरली मनातल्या मनात वाट बघत राहिली. धाकटी या दुकानात आली ती तिचं ऑफिस बंद झाल्यावर, आयत्या बिळावर. तोवर ती सणक आली की कधीतरी यायची, मुकुट डोक्यावर घालून आरशात बघायची आणि निघून जायची. थोरलीने लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे तसं ठरवलं नव्हतं, गाठीमागून गाठ मारत गेली आणि एके दिवशी मान वर केली तर कुणी विचारायचंच बंद झालं होतं. वरच्या मजल्यावर राहायचं, खाली उतरून काम करायचं. बाबा गेल्यावर दुकान दोघींच्या नावावर झालं, पण ते नावापुरतं, असं तिला वाटायचं. आता धाकटी सकाळी तिच्याआधी दार उघडते, फोन उचलते, गिऱ्हाइकांशी गोड बोलते. फोन टेबलावर ठेवताना उपडा ठेवते. परवा थोरली जिना उतरत होती तेव्हा खालून आवाज आला होता, “नाही, एवढ्यात नको. आधी तिला वाचू दे.” मग पायरी वाजली आणि आवाज बदलला, “बरं, बरं, बघते मी.” वाचू दे म्हणजे काय? काय आहे वाचण्यासारखं? एका वाक्यात आणि एका खुर्चीत?

पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरं होती, ‘आमच्याविषयी’. थोरलीने ते उघडलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

‘आमच्या आईचे केस आजारपणात गेले. तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने स्वतःची वेणी कापली आणि त्या केसांचा टोप आईसाठी विणला. आई रोज दुपारी तो घालून खिडकीत बसायची. या कामाची आमच्या घरात सुरुवात झाली ती तिथून.’

वेणीचं ती कधी कुणाशी बोलली नव्हती. बाबांना तिने सांगितलं होतं, कॉलेजात सगळ्या मुली कापतात, म्हणून कापली. बाबांनी “बरं” म्हटलं आणि पुन्हा राजाच्या दाढीत डोकं खुपसलं. एका मोठ्या नाटकाचं काम होतं त्या वर्षी. आईचं विचारलं की ते म्हणायचे, “येतील परत. केस आहेत ते, कुठे जातायत?” ज्या माणसाने अख्ख्या गावाची टकलं झाकली त्याला घरातलं एक डोकं बघवत नव्हतं. आई रुमाल बांधून पडून असायची. थोरलीने दुकानातल्या खिळ्यांच्या फणीवर आपलीच वेणी विंचरली, आपलेच केस खिळ्यांतून ओढताना कसं वाटतं ते तिला अजून बोटांत आठवतं, आणि बाबा घरी गेल्यावर दुकानात बसून गाठी मारल्या. तेव्हा हात कच्चा होता. गाठी जाड यायच्या. झाला तेव्हा तिने तो डब्यात घालून घरी नेला, आणि आईने घातला. आरशात बघितलं. “छान झालाय गं,” म्हणाली, आणि मग म्हणाली, “पण टोचतो जरा.” काढून डब्यात ठेवला. पुन्हा थोरलीने तो आईच्या डोक्यावर कधी पाहिला नाही. एकदाही नाही. आई गेल्यावर डबा कुठे गेला ते तिने विचारलं नाही. त्या ‘टोचतो’पासून पुढचं सगळं आयुष्य तिने गाठी बारीक करण्यात घालवलं. आता तिचा टोप कुणालाच टोचत नाही. डोक्यावर आहे हेही लोक विसरतात. आणि ही म्हणते, रोज दुपारी. खिडकीत.

म्हणजे धाकटीने आईला विकायला काढलं होतं. मेलेल्या माणसाला दुकानाच्या दारात बसवून, डोक्यावर टोप चढवून. थोरली उठली, पुन्हा बसली. बाहेर जाऊन ‘हे खोटं आहे’ म्हणायला तीनच शब्द पुरले असते. पण ते तोंडाशी आल्यावर तिला कळलं की ते म्हणायचं तर पुढचंही म्हणावं लागेल, की आईला तो आवडला नव्हता. म्हणजे आपण केलेली एकच वस्तू, जी आवडायला हवी होती, ती आवडली नव्हती. हे ती स्वतःच्या तोंडाने, धाकटीसमोर, पुराव्यासारखं मांडणार? तिने सोडलेली गाठ पुरी केली. मग दुसरी. धाकटी पडद्याआडून म्हणाली, “बघितलंस?” आवाज अगदी साधा. फार साधा. “बघते सवडीने,” थोरली म्हणाली.

मग काही दिवस ती नुसती बघत राहिली. तिला धाकटीच्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी मुरतंय असं वाटू लागलं. धाकटी फीत घेऊन पुढच्या भागाची लांबी-रुंदी मोजत होती ते कशाला? “पडदा लावायचाय खुर्चीभोवती. टोपी काढताना रस्त्यावरून दिसायला नको कुणाला.” उत्तर तयार होतं, म्हणून संशय आणखी वाढला. खरं बोलणाऱ्याला थोडं अडखळायला होतं. दुपारी धाकटी डबा खाताना खिडकीबाहेर बघत बसली की थोरलीला वाटायचं, ही तेच चित्र पुन्हा पुन्हा रंगवतेय, त्यात अजून काय घालावं ते ठरवतेय. आणि मधूनच, गाठ मारता मारता, थोरलीला स्वतःलाच ती खिडकी दिसायची. तिथलं ऊन. आईच्या खांद्यावर तिचे स्वतःचे केस. ती आकडा घट्ट धरायची आणि ते चित्र पुसून टाकायची. जे आपल्याला हवंसं वाटतं ते दुसऱ्याने पुढे केलं की त्यात विष असणार, हे तिला अनुभवाने माहीत होतं. कुठल्या अनुभवाने, ते मात्र सांगता आलं नसतं.

एका सकाळी दाढीवाल्या काकांचा फोन आला. हे काका म्हणजे नाटकं बसवणारे म्हातारे गृहस्थ. स्वतः तुळतुळीत, पण दर वर्षी दाढ्या न्यायचे म्हणून त्यांचं हे नाव पडलेलं. “काय गं, बंद केलंत म्हणे? नातीने फोनवर काढून दाखवलं मला. दाढीचं नावसुद्धा नाही कुठे. बाबा असते तर...” पुढचं ते बोलले नाहीत. थोरलीने सांगितलं की बंद नाही, काहीच बंद नाही, तुम्ही या. फोन ठेवला तेव्हा तिला बरं वाटत होतं. शेवटी पुराव्यासारखं काहीतरी हाताला लागलं होतं. ती पडदा सारून पुढे आली. धाकटी स्टुलावर चढून मुकुट एकेक करून खोक्यात ठेवत होती.

“काकांना वाटलं आपण दुकान मिटवलं.”

“मी करते त्यांना फोन. काकांना वेबसाइट कशाला लागते, ताई? त्यांना आपला दरवाजा पाठ आहे. ज्यांना दरवाजा माहीत नाही त्यांच्यासाठी आहे ती.”

“आणि हे मुकुट?”

“मागच्या खोलीत. टाकत नाहीये. तुझ्या डोळ्यांसमोर ठेवतेय ना.”

“माझ्या डोळ्यांसमोर,” थोरली म्हणाली. “फोटो काढताना कुठे होते माझे डोळे?”

धाकटी स्टुलावरून उतरली. हातातला मुकुट कुठे ठेवावा ते तिला कळेना. “तू डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होतीस. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस.”

“आणि आई दुपारी टोप घालायची, हेही मला विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. कारण ती घालत नव्हती. एकदा घातला तिने. टोचतो म्हणाली.”

“तुझ्यासमोर एकदा घातला.”

“म्हणजे?”

“तू दुकानात जायचीस ना दुपारची. कॉलेज सुटलं की तिथूनच. मी शाळेतून घरी यायचे. ती मला डबा काढायला लावायची पलंगाखालचा. घालायची आणि खिडकीत बसायची. मी केस विंचरायचे. डाव्या कानामागे विरळ होता, तिथे मी माझी पिन लावायचे. तुझा पाय जिन्यावर वाजला की काढून परत डब्यात.” धाकटी एका दमात बोलली आणि मग तिचा दम संपला. “तुला सांगायला गेले होते एकदा. तू काम करत होतीस. ‘नंतर,’ म्हणालीस. मग राहिलंच.”

डाव्या कानामागे विरळ. केस संपत आले होते, तिथे तिने गाठी लांब लांब मारल्या होत्या. थोरलीला ते पक्कं आठवत होतं. पण ते डब्यात ठेवलेल्या टोपावरही दिसलं असतं. लहान पोरं खोके उघडतात, पिना लावतात, बाहुल्यांच्या गोष्टी करतात. ती धाकटीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, जशी एखाद्या टोपाची कड बघावी, कुठे जाळी दिसते का, कुठे कपाळ संपून खोटं सुरू होतं.

“मग मला टोचतो असं का म्हणाली?”

“मला काय माहीत, ताई. मी एवढीशी होते. मला एवढंच म्हणायची, ताईला सांगू नकोस, नाहीतर ती अजून एक करत बसेल.”

थोरली हसली. तिला हसू कसं आलं ते कळलं नाही, आणि ते चांगलंही नव्हतं. अजून एक. मागच्या खोलीत लाकडी डोकी ओळीने मांडलेली होती. “एवढीशी पोर होतीस, आणि वाक्य बरं आठवतं तुला. चष्मेवालीने दिलं का घालून?”

धाकटीचा चेहरा बदलला. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. “तिने एवढंच विचारलं होतं की हेच काम का. बाकीच्या दुकानांनाही असं लिहिता येईल, मग तुम्हीच का? मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, बहिणीला आधी वाचू दे, तिला नको असेल तर काढू. नको आहे का तुला? आत्ता काढायला सांगते. मग राहील ती नुसती खुर्ची.”

‘नको’ हा शब्द अगदी जवळ होता. थोरलीने तो तोंडात घोळवला. खोटी गोष्ट काढून टाकली तर खोटेपणा जाईल; पण खरी असेल तर आई जाईल, तीही खिडकीतली, जी तिने कधी पाहिली नव्हती. “राहू दे,” ती म्हणाली आणि पडद्यामागे गेली. मागून धाकटी काहीतरी म्हणाली ते तिने ऐकू न आल्यासारखं केलं. त्या दिवशी तिच्या गाठी जाड आल्या. तिने तेवढा भाग उसवला आणि पुन्हा केला.

वेबसाइटवरून वेळ ठरवून पहिलीच बाई आली ती भर दुपारी. विणलेली टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, पर्स छातीशी धरलेली. आल्या आल्या तिने सगळीकडे नजर फिरवली, कोपऱ्यात, छताकडे, पडद्याच्या कडीकडे. कुठेतरी फसवणूक लपवली असणार आणि आपण ती वेळीच पकडू, अशी ती नजर होती. थोरलीने ती लगेच ओळखली. गेले कित्येक दिवस ती हीच नजर डोळ्यांत घेऊन फिरत होती, पण दुसऱ्याच्या तोंडावर ती कशी दिसते हे तिने पाहिलं नव्हतं. बघवत नव्हतं तिच्याकडे. बाई खुर्चीत टेकली, पाठ न लावता. केस कुणाचे असतात, धुतलेले असतात का, वाऱ्यात हलतील का, असं तुटक तुटक विचारत राहिली. थोरलीने एकेकाचं उत्तर दिलं. धाकटीने खुर्चीभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि आतच, जरा मागे, फीत हातात घेऊन उभी राहिली. टोपी काढा, असं दोघींपैकी कुणी म्हटलं नाही.

“ती तुमच्या वेबसाइटवरची गोष्ट,” बाई म्हणाली. “तुमच्या आईची. ती खरी आहे का? रागावू नका. हल्ली सगळे काहीतरी लिहितात. मी तीन ठिकाणी गेले, तिन्हीकडे कुणाची तरी आई होती.”

धाकटीच्या हातातली फीत गुंडाळता गुंडाळता थांबली. थोरलीने तिच्याकडे पाहिलं नाही, तरी ते थांबणं तिला पाठीवर जाणवलं. ‘हो’ म्हणणं सोपं होतं. बाईला तेच हवं होतं, धाकटीला तेच हवं होतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही. ‘नाही’ म्हणायलाही आता फारसं अवघड नव्हतं. बाई उठून गेली असती, आणि हा सगळा खेळ इथेच संपला असता. तिने आठवून पाहिलं, त्या दुपारी ती नेमकी कुठे असायची. मागच्या खोलीत, याच टेबलाशी, बाबांच्या शेजारी, राजाच्या दाढीला पांढरे केस लावत. घरी जावं असं वाटायचं नाही. रुमाल बांधलेलं ते डोकं बघायला लागू नये म्हणून ती उशिरा उशिरा जायची, आणि जिन्यावर पाय जरा जोराने वाजवायची. तेवढ्यात आईने डोळे मिटून घ्यावेत, म्हणून.

“मला माहीत नाही,” थोरली म्हणाली.

बाईने मान वर केली.

“टोप मी केला, माझ्याच केसांचा. तेवढं मला माहीत आहे. मला ती म्हणाली, टोचतो. दुपारी ती घालायची का, ते मी पाहिलं नाही. मी इथे दुकानात असायचे.” तिने धाकटीकडे हात केला. “आईजवळ ही असायची. हिने पाहिलंय.”

रस्त्यावरून एक गाडी गेली, तिच्या काचेचा कवडसा पडद्यावरून सरकला. बाई एकीकडून दुसरीकडे बघत होती. थोरलीकडे, मग धाकटीकडे, मग पुन्हा थोरलीकडे. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ती ते पुसत नव्हती.

“घालायची,” धाकटी म्हणाली. आवाज फुटला, तिने तो सावरला. “रोज नाही पण. वेबसाइटवर रोज लिहिलंय. बरं वाटायचं त्या दिवशी घालायची. तसे दिवस थोडे होते.”

बाईने पर्स मांडीवर ठेवली. मग ती बाजूच्या टेबलावर ठेवली. पाठ खुर्चीला टेकवली. “तो आरसा जरा तिकडे फिरवाल का?” ती म्हणाली, आणि धाकटीने आरसा भिंतीकडे फिरवला. बाईने दोन्ही हातांनी टोपी धरली, डोळे मिटले, आणि काढली.

थोरली तिच्या मागे येऊन उभी राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, असं डोकं पुढे आलं की आपल्याला आई दिसेल. हे डोकं आईसारखं नव्हतं. मागे जरा चपटं होतं, उजव्या कानावर एक जुना वण होता, टाळू लहान मुलासारखी मऊ दिसत होती. ते कुणासारखंच नव्हतं. ते मोजावं लागणार होतं. तिने हात मागे केला आणि धाकटीने फीत त्यात ठेवली.